डावा कान, एक खाच

४ मार्च

…आणि कोकरू माझ्या हातातून सुटलं. मी धरलं होतं. बाईनं सांगितलं तसंच धरलं होतं, पाय गुडघ्यांत आणि मान काखेत. सुरी कानाला लागली तेव्हा त्यानं मागचा पाय माझ्या तोंडावर झाडला. टोपी उडाली. सदऱ्यावर रक्ताची रेघ आली.

टोक उतरलं होतं. खाच मारायची राहिली होती. कोकरू अर्धाच कापलेला कान हलवत आईकडे पळालं.

बाईनं ते पकडायला कोणाला पाठवलं नाही. सुरी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. एवढा वेळ, की मला ओशाळवाणं झालं.

"हात घसरला," मी म्हणालो.

ती खाली वाकली, टोपी उचलली, झटकली आणि माझ्यापुढे धरली.

"घाला. ऊन आहे."

ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

मला हे काम करावं लागत नाही. सरकारी कचेरीनं कानांच्या खुणा लिहायला पाठवलं आहे. पण गावचा लोहार म्हणाला, एकदा धरून बघा, म्हणजे वहीत काय लिहिताय ते कळेल. कळलं. सुरी किती सहज फिरते ह्याचाच धक्का अजून ओसरलेला नाही.

५ मार्च

राहायला लोहाराच्या भट्टीमागची खोली मिळाली आहे. खाट, टेबल, खिडकीच्या चौकटीला खिळा, खिळ्याला आरसा. भट्टीकडची भिंत कायम कोमट असते. लोकर कातरायच्या कात्र्यांना धार लावणं आणि सगळ्या गावाची चौकशी ठेवणं ही लोहाराची दोन कामं. दोन्ही तो मन लावून करतो.

माझं काम असं. ह्या डोंगरात प्रत्येक कळपाची कानाची खूण आहे आणि ती आजवर कुठेही लिहिलेली नाही. ती आता लिहायची. छापील कागदावर मेंढीचं तोंड समोरून काढलेलं आहे, दोन्ही कान अखंड. मालक सांगेल तसे काप मी शाईनं दाखवायचे. खाली मालकाचं नाव, त्याखाली वारसाचं.

खुणेचा नियम लोहारानं समजावला. बापाची खूण थोरल्याला जशीच्या तशी जाते. धाकट्यानंही तीच घ्यायची, पण एक खाच वाढवून. कान बघून तो तीन पिढ्यांची नाती सांगतो. मेंढीवरून वाद झाला तर डोळे मिटून कान चाचपतात. चाचपायचं कोणी, तर ज्याचा दावा विरुद्ध आहे त्यानं. मालकानं त्या कानाला बोटही लावायचं नाही.

"आणि विरुद्ध बाजूचा खोटं बोलला तर?"

"स्वतःच्या बोटांनी?" लोहार म्हणाला. "मग त्यानं मेंढ्या कशाला पाळायच्या, साहेब? कचेरीत जावं."

तीस तारखेला वही बंद करायची आहे. ज्या खुणेला वारस नाही ती मालकामागे जवळच्या नातलगाच्या खुणेत मिळवायची. रिकामा रकाना चालणार नाही, असं कचेरीतल्या साहेबांनी मी निघताना दोनदा बजावलं.

७ मार्च

शाळेच्या खोलीत बसून एकवीस खुणा लिहिल्या. बाकं लहान मुलांची आहेत, त्यामुळे मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात.

कोकराचा कान कापणारी बाई आली. गावात तिला थोरली म्हणतात. थोरल्या भावाची बायको म्हणून. नवऱ्याला जाऊन अठरा वर्षं झाली, कळप ती एकटी सांभाळते. तिच्या दिराला सगळे धाकटे म्हणतात. त्यांचा मेंढ्यांचा वाडा तिच्या वाड्याला लागूनच आहे, मध्ये दगडी बांध.

"खूण?"

"डावा कान. टोक तिरपं. खाली एक खाच."

मी काढली.

"वारस?"

"आहे."

"नाव सांगा."

"नाव मला माहीत नाही."

खोलीत दहा-बारा माणसं होती. कोणी हसलं नाही. मला ते विचित्र वाटलं. बोलले ते फक्त धाकटे.

"वहिनी, साहेबांचा वेळ खाऊ नका. एकतीस वर्षं झाली."

"तुमचा खातेय का, भावजी?"

"माझं काय जातंय. कळपाला तुमचं ऐकून चालतं. कागदाला नाव लागतं."

मी तिला विचारलं, वारस आहे तर कुठे आहे. तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवले. नखांत लोकरीचं तेल होतं.

"ते त्यानं सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही."

मी नियम वाचून दाखवला. तीसपर्यंत नाव आलं नाही तर खूण धाकट्यांच्या खुणेत जाईल, तिच्यामागे कळपाला दुसरी खाच पडेल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तीस लांब आहे," ती म्हणाली आणि उठली.

बाई हट्टी आहे. रकाना रिकामा राहिला. पेन्सिलीनं फुली करून ठेवली आहे.

९ मार्च

थोरली सकाळी दूध घेऊन आली. तांब्या टेबलावर ठेवला, तोही कागदांवर.

"वय काय तुमचं?"

"एकतीस."

"कुठले?"

"शहरातले."

"आईवडील?"

मी म्हटलं, अनाथालयात वाढलो. ती न विचारता माझ्या खाटेवर बसली.

"पोटभर घालत होते?"

"हो."

"मारत होते?"

"बाई, मला काम आहे."

"करा की. मी कुठे हात धरलाय."

आणि बसूनच राहिली. मी तीन कागद तिच्या देखत पूर्ण केले. एकातही चूक झाली नाही, ह्याचं मला समाधान आहे.

११ मार्च

आज तिसऱ्यांदा दूध. आज तिनं विचारलं, "थंडीत कान दुखतो का?"

"कुठला कान?"

"डावा."

मी टोपी खाली ओढली. माझा डावा कान लहानपणी उंदरानं कुरतडला. अनाथालयाच्या मोठ्या बाईंनी मला तसं सांगितलेलं आहे. म्हणून मी केस वाढवतो, घरातही टोपी घालतो आणि आजही खाटेखाली वाकून पाहिल्याशिवाय आडवा होत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझी टोपी उडाली तेवढ्यात ह्या बाईनं ते हेरलं आणि आता त्याच जागेवर माया लावते आहे. माणूस इतका धूर्त असू शकतो, हे पाहून मी खरोखर सुन्न झालो.

हेतू स्पष्ट आहे. रकाना.

दुपारी कचेरीला अहवाल लिहिला. "सदर मालकीण रोज दूध आणून व खासगी चौकशी करून नोंद करणाऱ्यास आपल्या बाजूस वळवण्याचा प्रयत्न करीत आहे." दोनदा वाचला. सगळं खरं आहे. टपालात टाकला.

तांब्या लोहाराच्या बायकोबरोबर परत पाठवला. दूध आणू नये, असं कळवलं.

१४ मार्च

लाज वाटते, पण लिहितो.

धाकटे स्वतःचा कागद बघायला आले. कागद आडवा धरला, उभा धरला.

"साहेब, ही माझी मेंढी नाही."

"डावा कान म्हणालात. टोक तिरपं, खाली दोन खाचा."

"डावा, मेंढीचा. तुम्ही उजवा कापलाय."

मग त्यांनी मला बाहेर नेलं, एक मेंढी आणली आणि माझ्यासमोर तिचं तोंड धरलं. तिचा डावा कान माझ्या उजव्या हाताला होता. छापील तोंड समोरून काढलेलं आहे. मी मात्र प्रत्येक 'डावा' कागदाच्या डाव्या बाजूला काढत गेलो. त्रेसष्ट कागद. त्रेसष्टही उलटे.

"तुम्ही मेंढीला समोरून बघता," धाकटे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आम्ही जन्मभर तिच्या मागून चालतो. म्हणून आमच्या लक्षातच आलं नाही, असं कोणी चुकेल म्हणून."

लोहारानं घण खाली ठेवला. हसू आवरेना त्याला. "अख्ख्या डोंगराचे कान फिरवले एका माणसानं. ना सुरी, ना रक्त."

कोरे कागद आहेत. सगळं पुन्हा काढायचं. सोळा दिवस.

१७ मार्च

सकाळी दाढी करत होतो. टोपी खाटेवर होती. उलटे कागद बघून नवे काढायला उजेड खिडकीशीच आहे, म्हणून जुना कागद आरशाखाली चौकटीला टेकवून ठेवला होता. थोरलीचा.

वर आरशात माझं तोंड. खाली कागदावर मेंढीचं. दोघांचा एकाच बाजूचा कान कापलेला. टोक तिरपं. खाली एक खाच.

मी पट्टी घेऊन मोजलं. कागदावर मोजलं आणि मग कानावर. का मोजलं, माहीत नाही.

आरशात आपला डावा कान डावीकडेच दिसतो. कागद बरोबर काढला असता तर काप दुसऱ्या बाजूला आला असता. मी चुकलो म्हणून दिसलं.

बोट लावून पाहिलं. हा कान मला जन्मभर बोटांनीच ठाऊक आहे. काप सरळ आहेत. उंदीर सरळ कापत नाही.

अर्धी दाढी तशीच राहिली.

१८ मार्च

लोहाराला विचारलं, थोरलीचा वारस म्हणजे काय प्रकार आहे. सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यानं माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि भाता थांबवला.

"साथीच्या सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. गावात रोज कोणी ना कोणी जात होतं. शहरातून झाकलेली गाडी आली. अंगावर पिणारी पोरं द्या म्हणाले, इथे राहिली तर मरतील. तेही खोटं नव्हतं. नऊ पोरं होती. बरोबर एक कारकून होता, तुमच्यासारखाच, चांगला माणूस. प्रत्येक पोराच्या मनगटाला कागद बांधत होता. कागदावर आकडा आणि गाव. थोरली म्हणाली, कागद भिजला तर? तो म्हणाला, नाही भिजणार. वर धो धो पाऊस."

"मग?"

"मग ती पोर घेऊन वाड्यात गेली. परत आली तेव्हा पोराच्या डोक्याला फडकं होतं आणि तिच्या पदराला रक्त. पाच महिन्यांचं पोर, साहेब. तिच्या नवऱ्यानं ते फडकं सोडून पाहिलं आणि तिथेच रस्त्यावर बसला. माझ्या बापानं ती सुरी नंतर कधी धारेला घेतली नाही."

चार महिने गावाला पहारा होता. मग थोरला भाऊ चालत शहरात गेला. त्याला कागदावर एक ओळ दाखवली. गावाचं नाव, पुढे नऊ, पुढे 'मयत'. थोरलीनं विचारलं, कान पाहिलात का? तो म्हणाला, मेलेल्यांचे कान कोण दाखवतं. त्यानंतर तेरा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो तिच्याशी कामापुरतं बोलला.

"ती मात्र कोणी नवं माणूस गावात आलं की टोपीखाली बघते," लोहार म्हणाला. "आम्हाला सवय झालीये."

लोहारानं भाता ओढायला घेतला आणि पुन्हा थांबवला.

"त्या नवांत माझी बहीण होती. आई तेव्हा थोरलीला डाकीण म्हणाली. गावात सगळ्याच म्हणाल्या. आई गेली त्या वर्षी मला म्हणाली, मीही कापायला हवा होता."

१९ मार्च

आज एकही कागद काढला नाही.

राग यावा असं वाटतं. कोणी तरी मला धरून, पाय गुडघ्यांत आणि मान काखेत, मेंढीसारखी खूण केली. पण राग धरायला जागा सापडत नाही. जेवण पुढे आलं, ते गेलं.

सारखा उंदीर आठवतो. कसला होता तो उंदीर. राखाडी, जाड, त्याची शेपटीसुद्धा मी पाहिलेली आहे, इतक्यांदा मी तो स्वप्नात पाहिला. तो नव्हताच.

मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. एकच प्रश्न.

२२ मार्च

तेवीस कागद झाले. थोरली येत नाही. मीच येऊ नको म्हणालो होतो. पावलं वाजली की पेन थांबतं. तरी तिच्याकडे गेलो नाही. आधी पत्राचं उत्तर येऊ दे, असं स्वतःला सांगतो.

२४ मार्च

मोठ्या बाईंचं उत्तर आलं. अक्षर हललेलं आहे. पत्र इथे उतरवून ठेवतो.

"उंदीर मी सांगितला. तू पाच वर्षांचा होतास आणि रोज विचारायचास. माणसानं कापला, असं त्या वयाच्या मुलाला कसं सांगू? तुमच्या गाडीत नऊ मुलं आली. सहा आठवड्याभरात गेली. तुम्ही तिघं वाचलात, तू आणि दोन मुली. मनगटांचे कागद भिजून लगदा झाले होते, गाव वाचता येईना. वर कळवताना कोणीतरी गाडीच्या नोंदीपुढे नऊच्या नऊ मयत लिहिली. वाचलेली तीन कोणाची हेच ठरवता येत नव्हतं, म्हणून तसंच राहू दिलं. त्यात मीही होते. मुलींच्या अंगावर काही खूण नव्हती. त्या दोघी पुढे दत्तक गेल्या, कागद सापडले तर पाठवीन. तुझी जखम स्वच्छ होती. तिला हळद की काहीसं लावून, नीट फडकं बांधून कोणी पाठवलं होतं. मला तेव्हाही वाटलं होतं, की हे काम ज्यानं केलं त्याचा हात सरावाचा आहे आणि त्याला तू परत हवा आहेस. पण मग मी उंदीर सांगून बसले."

हे वाचून मी आरसा खिळ्यावरून काढला आणि पालथा ठेवला.

२५ मार्च

गेलो.

ती वाड्यात कातरलेली लोकर गुंडाळत होती. मी फाटकाशी उभा राहिलो. तिनं मान वर केली नाही.

"आत ये. फाटक लाव, नाहीतर बाहेर पडतील."

मला 'तू' म्हणाली. मी फाटक लावलं.

"टोपी काढ."

काढली. तिनं लोकर खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, जवळ आली. कानाकडे पाहिलं. खूप वेळ. हात पुढे केला नाही.

"हात लावा," मी म्हणालो.

"नाही लावत. रीत नाही. वाद मिटेपर्यंत माझं बोट लागायला नको."

"पहिल्या दिवशीच ओळखलंत?"

"टोपी उडाली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? साहेब, तुमचा कान मी कापला, असं? तुम्ही सरकारी माणूस. लिहून घेतलं असतं."

अहवाल टपालात जाऊन चौदा दिवस झाले होते.

नंतर तिनं पुन्हा लोकर घेतली. उभं राहून नुसतं बोलणं तिला जमत नसावं. मी समोर बसून टोकं धरली. ती गुंडाळत बोलली, माझ्याकडे न बघता.

"टोक उतरवलं तेव्हा तू रडला नाहीस. नुसता बघत होतास. मला वाटलं, पोर आधीच गेलंय आतून. साथीत तसं होतं, डोळे उघडे असतात. मग खाच मारली. तेव्हा ओरडलास. सगळ्या वाड्यात ऐकू गेलं. तेव्हा कुठे माझा जीव जाग्यावर आला."

मला धरलेलं टोक धरवेना.

"नाव काय होतं माझं?" मी विचारलं.

"ठेवायचं होतं. आज ठेवू, उद्या ठेवू करता करता गाडी आली."

उठताना तिनं विचारलं, "तीसला लिहिणार?" मी म्हणालो, बघतो. तिला ते 'हो'च वाटलं असणार.

२७ मार्च

कचेरीचा हुकूम आला. माझ्या अकरा तारखेच्या अहवालावर.

"नोंद करणाऱ्यावर दबाव आणल्याबद्दल सदर मालकिणीची खूण रद्द समजावी. कळप दिराच्या खुणेत ह्याच महिन्याअखेर मिळवावा. नोंद करणाऱ्यानं दाखवलेल्या दक्षतेची दखल घेण्यात आली आहे."

तिच्यामागे नव्हे. तिच्या डोळ्यांदेखत, ह्याच महिन्यात, प्रत्येक कानाला दुसरी खाच.

हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात. कोणी सांगितलं नव्हतं.

हुकूम उलटवायचा तर अहवाल खोटा होता असं लिहून द्यावं लागेल. खोटा नव्हता. ती रोज दूध आणत होती, खासगी चौकशी करत होती. वाक्य न् वाक्य खरं आहे. उरतो तो एकच मार्ग, वारस आहे असं सिद्ध करणं. नोंद करणाऱ्यानं स्वतःची नोंद स्वतः केल्यास नोकरी जाते. तो नियम पहिल्या पानावर छापलेला आहे. ही खुर्ची मिळायला मला अकरा वर्षं लागली.

२९ मार्च

मोठ्या बाईंचं पत्र लोहाराला वाचायला दिलं. त्याला द्यायला पाच दिवस लावले, हे बरोबर केलं नाही. 'दोन मुली' इथे त्याचं बोट थांबलं. त्यानं पत्राची घडी घातली, परत उघडलं.

"म्हणजे दोनांतली एक असेल. किंवा नसेल."

"हो."

"आणि साहेब, हा मुलगा…"

मी टोपी काढली. लोहार घणावर हात ठेवून उभा होता तसाच उभा राहिला. लोखंड भट्टीत पांढरं झालं, वाया गेलं. मग म्हणाला, "इतके दिवस माझ्या भिंतीमागे झोपत होतात," आणि वळून भाता ओढायला लागला. लोखंड नसताना.

त्रेसष्टही कागद पुरे झाले. बासष्ट भरलेले.

३० मार्च

शाळेची खोली भरली. काही जण खिडकीत बसले. थोरली मागच्या बाकावर. धाकटे पुढे.

मी हुकूम वाचला. सगळा, दक्षतेच्या वाक्यासकट. अहवाल कोणी लिहिला तेही सांगितलं. थोरलीकडे पाहण्याचं धाडस झालं नाही.

धाकटे उभे राहिले. चेहरा उतरला होता. "मला कळप हवा होता, साहेब. लपवत नाही. पण तिच्या जिवंतपणी सुरी लावायची, असं मी म्हणालो नव्हतो."

"ह्या खुणेला वारस आहे," मी म्हणालो. "दावा माझा आहे."

आणि टोपी काढून टेबलावर ठेवली, केस मागे घेतले.

मागून कोणाचा तरी श्वास ऐकू आला.

"विरुद्ध बाजूला तुम्ही आहात," मी धाकट्यांना म्हणालो. "रीत तुमची आहे."

ते पुढे आले. वाटेत बाकाला अडखळले. माझ्या मागे उभे राहिले, मेंढीच्या मागे राहतात तसे, आणि डोळे मिटले असावेत, कारण बोटं आधी मानेला लागली आणि मग कानाशी आली. बोटं खरखरीत होती, त्यांना लोकरीचा वास होता. वरचा तिरपा काप त्यांनी अंगठ्यानं दोनदा पाहिला. खाली आले. खाच लागली, थांबले. मग आणखी खाली गेले. त्यांच्या घरची दुसरी खाच जिथे असते तिथे बोट फिरवलं. वर गेले. पुन्हा खाली आले. दुसरी खाच सापडली असती तर कळप त्यांचा होता.

"दुसरी नाही," ते म्हणाले.

कोणी विचारलं, "नक्की?"

"माझं बोट आहे," धाकटे म्हणाले. "थोरल्याची खूण आहे ही. पोर वाढलं तशी खाच पसरली. पण हात वहिनींचाच."

बोटं कानावरच राहिली. काढायला त्यांना वेळ लागला. मी वळून पाहिलं तर डोळे अजून मिटलेलेच होते आणि खालून ओले.

"वहिनी, मला सांगायचं होतंत."

"चाचपल्याशिवाय पटलं असतं का, भावजी?"

"नसतं पटलं," ते म्हणाले, आणि जाऊन लहान मुलांच्या बाकावर बसले.

मी थोरलीचा कागद पुढे ओढला. पेन्सिलीची फुली पुसली. रकान्यात नाव लिहिलं, अनाथालयानं दिलेलं. दुसरं नाही माझ्याकडे. अक्षर वाईट आलं. खाली शेरा लिहिला की नोंद करणारा व वारस एकच आहेत, खूण विरुद्ध बाजूनं तपासली आहे, आणि अकरा तारखेच्या अहवालातला हेतू नोंद करणाऱ्यास कळला नव्हता. सही केली. धाकट्यांनी अंगठा दिला.

थोरली सगळे जाईपर्यंत बसून होती. मग टेबलाशी आली. अहवालाबद्दल काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली.

"दूध चालतं ना तुला?" तिनं विचारलं. "परत पाठवलंस म्हणून विचारते."

तिनं हात उचलला आणि आज, पहिल्यांदा, कानाला लावला.

३१ मार्च

सकाळच्या टपालानं वही आणि राजीनामा कचेरीला गेले. परतताना थोरलीनं बांधावरून हाक मारली. चार तारखेचं कोकरू तसंच राहिलं होतं, टोक उतरलेलं आणि खाच नसलेलं. आता ते बरंच जड झालं आहे. मी पाय गुडघ्यांत घेतले, मान काखेत. तिनं खाच मारली. ते ओरडलं, सगळ्या वाड्यात ऐकू गेलं. मी सोडलं नाही.